गच्चीवरचे टोमॅटो घरी वाळवायचे तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी वाळवलेल्या टोमॅटोंची बरणी मी मोठ्या अभिमानानं आईपुढे ठेवली. तिनं झाकण काढलं, नाकाशी धरलं आणि बरणी परत माझ्या हातात दिली. ‘‘दमट आहे रे. टाकून दे.’’ मला काही दमट वाटत नव्हतं. फोडी कडक होत्या, रंग झकास होता. मी बरणी फडताळात ठेवून दिली आणि तीन आठवड्यांनी तळाशी पांढरी लव दिसली. चार किलो टोमॅटो होते ते.

सोलापुरात आमच्या गच्चीवर टोमॅटोची चौदा झाडं आहेत, काही पिशव्यांत आणि काही रंगाच्या रिकाम्या डब्यांत. ऑक्टोबरात रोपं लावली की जानेवारीपासून तोडे सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या शेवटी घर टोमॅटोंनी भरून जातं. तेव्हा बाजारातही टोमॅटो मातीमोल असतो, शेजारीही ‘नको हो, आहेत’ म्हणायला लागतात. आणि पुढे जुलैत तोच टोमॅटो डोळ्यांत पाणी आणतो. २०२३ च्या जुलैत तर किरकोळ बाजारात शंभरीच्या कितीतरी वर गेला होता, काही शहरांत दोनशेच्याही पुढे. ही दोन टोकं घरच्या घरी जोडायची म्हणून मी वाळवणाच्या नादी लागलो. आता पाचवं वर्ष आहे. एवढ्या काळात कळलं ते असं, की टोमॅटो गच्चीवर फारसे बिघडत नाहीत, बिघडतात ते बरणीत. म्हणून खाली उन्हाबद्दल जितकं लिहिलंय, तितकंच नंतरच्या दहा दिवसांबद्दलही लिहिलंय. ते वाचायचा कंटाळा करू नका.

१. आधी तुमच्याकडची हवा बघा

ऊन सगळ्यांनाच दिसतं, हवेतला ओलावा दिसत नाही. मोबाइलवर हवामान उघडा आणि दुपारचे दोन आकडे बघा. तापमान ३० अंशांच्या वर हवं आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश इथं फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत हे सहज जमतं. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ३८-४० ला टेकतो आणि हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापड होतो. पुण्यात मार्च ते मे बरा.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या मंडळींनी मात्र नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नये. ऊन कडक असतं पण हवा ओलसर, त्यामुळे फोड सुकायच्या आधी आंबते. तुम्ही पातळ चकत्या करा, मीठ थोडं सढळ घाला आणि शेवटचा टप्पा ओव्हनमध्ये उरका. परदेशातल्यांनी थेट पाचव्या पायरीवर उडी मारली तरी चालेल.

आणखी एक. पुढच्या तीन दिवसांत ढग किंवा अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर टोमॅटो चिरूच नका. झाडावर दोन दिवस जास्त राहिले तर बिघडत नाही, अर्धवट वाळलेले घरात आले की बिघडतात.

२. सामान

- धारदार सुरी. बोथट सुरीनं टोमॅटो चिरला जात नाही, चेंगरतो.
- स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीची नायलॉनची जाळी, लाकडी चौकटीत ताणून बसवलेली. बाजेवर धुतलेली जुनी सुती साडी ताणून अंथरली तरी चालतं.
- वरून झाकायला मलमलीचं कापड किंवा जुना पातळ पंचा.
- चार विटा आणि चार वाट्या.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. हा चैनीचा वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू हीच.
- काचेच्या बरण्या, शक्यतो लहान. लोणच्याची मोठी बरणी नको.
- साधं मीठ.

ॲल्युमिनियमची ताटं आणि जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची जाळी वापरू नका. टोमॅटो आंबट, तो धातूला खातो आणि धातूची चव फोडीत उतरते. कुरडया-पापड्यांसाठी घरात जो प्लॅस्टिकचा कागद असतो, तोही इथं नको. कुरडईला चालतो, कारण तिच्यातून रस गळत नाही. टोमॅटोची फोड प्लॅस्टिकवर स्वतःच्याच पाण्यात बसून राहते. वरून सुकलेली दिसते आणि उचलली की खालून बुळबुळीत.

३. टोमॅटो निवडणं आणि चिरणं

पूर्ण लाल, पण दाबल्यावर घट्ट लागणारे घ्या. लांबट, जाड गराचे टोमॅटो (‘रोमा’ जातीसारखे) यासाठी उत्तम, बिया आणि पाणी कमी असतं. गावरान गोल टोमॅटो चवीला वरचढ आहेत पण रसाळ, त्यामुळे एखादा दिवस जास्त लागतो. तडकलेले, पोखरलेले, डाग पडलेले टोमॅटो आजच्या आमटीत घाला. ‘‘खराब भाग काढून बाकीचा वाळवू’’ हा मोह मलाही होतो. त्या एका फोडीपायी अख्खं ताट वासाला लागतं.

धुऊन, पुसून, देठाकडचा कडक भाग काढा. चिरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. लहान टोमॅटोंचे उभे दोन भाग करायचे, मोठ्यांचे चार. किंवा ५-६ मिलिमीटर जाडीच्या चकत्या. भुकटी करायची असेल तर चकत्या बऱ्या, तुकडे हवे असतील तर अर्धे भाग. दोन्ही एका ताटात मिसळू नका, कारण चकत्या दोन दिवसांत होतात आणि अर्ध्या भागांना तीन-चार दिवस लागतात.

बिया आणि आतला रस अंगठ्यानं हलकेच काढला तर वाळायचा वेळ बराच कमी होतो. तो रस टाकू नका, त्याच दिवशी सार करा. साल काढायची गरज नाही, तीच फोडीला धरून ठेवते.

आता या उरलेल्या फोडींचं वजन करा आणि कागदावर लिहून ठेवा. किलोला साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे मीठ फोडींना चोळून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. मिठानं पाणी सुटतं आणि पहिल्या दिवशी बुरशीला वाव मिळत नाही. दक्षिण इटलीत उन्हात टोमॅटो वाळवतात तेही असे खारवूनच.

४. उन्हात घालणं

सकाळी नऊच्या आत फोडी जाळीवर गेल्या पाहिजेत. चिरलेली बाजू वर, साल खाली, आणि दोन फोडींत बोटभर अंतर. सगळे नवशिके इथं दाटी करतात. ‘‘आकसतील की नंतर’’ असं वाटतं. आकसतात, पण पहिल्या सहा तासांत एकमेकींना चिकटलेल्या जागा ओल्याच राहतात.

जाळी जमिनीवर ठेवू नका, चार कोपऱ्यांना विटा लावून उचला. खालून वारा गेला पाहिजे. मी पहिल्या वर्षी कठड्याच्या आडोशाला ठेवायचो, कचरा उडू नये म्हणून. तिथं ऊन मिळायचं आणि वारा अडायचा. पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर नेली, तर तेच काम एक दिवस आधी झालं. उन्हाइतकंच काम वाऱ्याचं असतं. म्हणून वर काच ठेवू नका, आत वाफ कोंडते. मलमल ताणून बांधा, फोडींना टेकू देऊ नका.

मुंग्या हमखास येतात. बाज असेल तर तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. विटांची जाळी असेल तर प्रत्येक वीट पाणी भरलेल्या पसरट ताटलीत. कावळ्यांचा त्रास होत नाही, खारीचा होतो. ती कापड कुरतडते.

पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत फोडींना हात लावू नका. संध्याकाळी बघितलं तर कडा आत वळलेल्या दिसतील, मधे रस अजून चकाकत असेल, आणि उचलायला गेलं तर फोड जाळीला धरून बसलेली असेल. तशीच राहू द्या. ऊन उतरलं की अख्खी जाळी घरात आणा. रात्री दव पडतं, दिवसभराची कमाई रात्रीत जाते. घरात आणलं की डब्यात किंवा बंद कपाटात ठेवायचं नाही, पंख्याखाली उघड्यावर, वर कापड.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोडी आपोआप सुटतात. तेव्हा उलटा. तिसऱ्या दिवशी त्या अर्ध्याहून लहान झालेल्या असतात, रंग जुन्या विटेसारखा गडद. इथून पुढे रोज दोनदा हलवा आणि झालेल्या वेचून बाजूला काढा. सगळ्या एकदम कधीच होत नाहीत.

एक गंमत म्हणून सांगतो, दोन ताटं मी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवून पाहिली होती. आत भट्टी असते खरी, पण वारा शून्य. टोमॅटो उकडले आणि गाडीला महिनाभर सांबाराचा वास येत होता.

५. ढग आले तर: ओव्हन

घरातला ओव्हन ६० ते ६५ अंशांवर लावा. दार पूर्ण बंद न करता मधे लाकडी लाटणं अडकवा, म्हणजे वाफ बाहेर जाते. आत पंखा असेल तर चालू ठेवा. ताटांच्या जागा दर दोन तासांनी बदला. ताज्या फोडींना ८ ते १२ तास लागतात, दोन दिवस ऊन खाल्लेल्यांना दोन-तीन तास पुरतात. भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र असेल तर त्यावरही ५७ ते ६० अंश ठेवायचे.

उशीर होतोय म्हणून आच १०० वर नेऊ नका. वरची साय पटकन कडक होते, आतलं पाणी तिच्या मागे अडकतं. फोड बोटांना वाळलेली लागते आणि पोटात ओली असते. माझ्या पहिल्या बरणीत हेच झालं होतं. एका ढगाळ दुपारी मी सगळ्या फोडी चढ्या आचेवर ‘उरकल्या’ होत्या.

६. झाले की नाही, हे कसं ओळखायचं

फोड आधी पूर्ण गार होऊ द्या. गरम फोड नेहमी मऊ लागते आणि आपण उगाच आणखी तापवतो. गार झाल्यावर मधोमध दुमडा. चामड्यासारखी चिवट वाकली पाहिजे आणि दुमडीत ओल दिसता कामा नये. दोन बोटांत घट्ट दाबल्यावर बोटं कोरडी राहिली पाहिजेत. भुकटीसाठी हवी असेल तर वाकता कामा नये, कट्‌कन मोडली पाहिजे.

पण बोटं फसवतात, काटा फसवत नाही. हिशेब साधा आहे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं, म्हणजे किलोभर फोडींत घन भाग ६० ग्रॅमच्या आसपास. नीट वाळलेल्या फोडीत १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो, आणि आपण मीठही घातलंय. तेव्हा किलोचे ७५ ते ८५ ग्रॅम झाले तर काम झालं. काटा ११० दाखवत असेल तर फोडी कितीही वाळलेल्या वाटल्या तरी त्यांना आणखी एक दिवसाचं ऊन द्या. टोमॅटोच्या जातीनुसार पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात, पण ८० आणि ११० यांतला फरक जातीचा नसतो.

७. बरणीतले दहा दिवस

वाळलेल्या सगळ्या फोडींत सारखा ओलावा नसतो. काही करकरीत, काही किंचित मऊ. लगेच गच्च भरून ठेवलं तर त्या मऊ फोडींपाशी बुरशी धरते. म्हणून काचेची बरणी दोनतृतीयांशच भरा, झाकण लावा आणि हवेशीर जागी, डोळ्यांसमोर ठेवा. रोज एकदा खडखडवा. करकरीत फोडी मऊ फोडींचा ओलावा ओढून घेतात आणि आठ-दहा दिवसांत सगळ्या एकसारख्या होतात.

या दिवसांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. काचेला आतून धुकं धरलं, किंवा फोडी खडखड न वाजता एकमेकींना चिकटून गोळा झाल्या, तर सगळं काढून परत उन्हात किंवा ओव्हनमध्ये. वास बदलला, कुठं पांढरं-हिरवं दिसलं, तर अख्खी बरणी टाका. वरचा भाग काढून खालचं वाचवायला जाऊ नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

दहा दिवस निभावले की किड्यांचा बंदोबस्त. उन्हात घातलेल्या जिनसांवर चिलटं आणि पतंग अंडी घालून जातात, ती दिसत नाहीत. फोडी पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवा. जुन्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होतोच असं नाही, तेव्हा शंका असेल तर ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास ठेवून गार करा. फ्रीझरमधून काढलेली पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली पाहिजे, नाहीतर गार फोडींवर हवेतलं पाणी जमतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

८. साठवण, आणि तेलाबद्दल एक इशारा

लहान बरण्या, अंधारी कोरडी जागा. गॅसच्या वरचं फडताळ नको. सहा-आठ महिने चव चांगली राहते, मग रंग काळपट होत जातो. पावसाळ्यात जास्तीत जास्त बरण्या अशाच खराब होतात की उकळत्या आमटीवर बरणी धरून आपण फोडी ओततो. वाफ सरळ आत. आधी वाटीत काढा, झाकण लावा, मग कढईकडे जा.

भुकटी हवी असेल तर एकदम वर्षाची दळू नका. ती हवेतला ओलावा भराभर ओढते आणि पाऊस लागला की दगड होतो. फोडी ठेवा, लागेल तशी महिन्याची भुकटी करा. दळण्याआधी फोडी तासभर ओव्हनमध्ये कडक करून पूर्ण गार होऊ द्या.

तेलात मुरवलेले टोमॅटो दिसायला फार सुंदर. पण त्यात कच्ची लसूण किंवा ताजी पानं घालून बरणी ओट्यावर ठेवायची नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि मातीतून लसणीबरोबर येणाऱ्या, बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. त्याचं विष वासा-चवीवरून ओळखता येत नाही. हौस असेल तर वाटीभर करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

९. गच्चीवरचं बाकीचं

पालेभाज्यांना ऊन दाखवू नका. मेथी, पुदिना, कडीपत्ता, शेवग्याचा पाला हे सगळं सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत वाळवायचं. उन्हात रंग उडतो आणि वास जातो. धुऊन पंचावर टिपून एकेरी पसरा, चार-पाच दिवसांत पान चुरडलं की चुरा होतो. (घरच्या वाळलेल्या मेथीला आपण सर्रास कसुरी मेथी म्हणतो, पण खरी कसुरी ही मेथीची वेगळीच जात आहे, राजस्थानात नागौरकडे होते. आपली साधी मेथीही आमटीला झकास लागते, नावावर जाऊ नका.)

गवार आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा, मग उन्हात. तशीच कच्ची वाळवली तर गवताची काडी चावल्यासारखी लागते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळून काढलं की कडूपणा कमी होतो आणि काचऱ्या लवकर वाळतात. भेंडी धुतल्यावर पूर्ण कोरडी पुसून मगच चिरा, नाहीतर तारांचं जाळं होतं. वांग्याच्या फोडी उघड्या पडल्या की काळ्या होतात, म्हणून मिठाच्या पाण्यात चिरायच्या. कैरीची आंबोशी आणि सांडगी मिरची हे तुमच्या घरात कुणी ना कुणी करतच असेल. त्यांना विचारा, माझ्यापेक्षा बरं सांगतील.

१०. वापर

फोडी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवल्या की मऊ होतात. ते पाणी आमटीतच घाला, सगळी आंबटगोड चव त्यात उतरलेली असते. एका मध्यम टोमॅटोच्या जागी दोन लहान चमचे भुकटी पुरते. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी कुटताना शेवटी चार कडक फोडी टाकतात. लाल तिखटाच्या जोडीला ती आंबट चव येते आणि चटणी कोरडीच राहते. फक्त फोडींत मीठ आधीच आहे, तेव्हा चटणी असो की आमटी, चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका.